टोपीखालचा चेंडू

शनिवार, १४ ऑगस्ट १९०९. मॉरो फेरी

ओवेन शुद्धीवर आला. दवाखान्यातून निरोप येईपर्यंत मी हॉटेलच्या पायरीवर बसून नखं खात होतो. आता खायला नखंही उरली नाहीत. डिनी कॅफ्री, आमच्या बेसबॉल क्लबाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, आणि माझा खोलीसोबती, म्हणाला, "चल डच्या, बीअर मारू. मेला नाही ना तो? मग सुतकात कशाला बसलायस?" मी गेलो नाही. ऑगस्ट रेनेके हे माझं खरं नाव फक्त आई घेते आणि दंडाच्या चिठ्ठीवर येतं. बाकी सगळ्यांचा, जर्मन घरातला म्हणून, मी डच्या. आज मला कोणीच कुठल्याच नावाने हाक मारू नये असं वाटतंय, म्हणून ही वही काढली.

झालं ते असं. सातव्या डावात ओवेन प्रॉथेरोच्या दोन स्ट्राइक झाल्या होत्या, म्हणजे टप्प्यातले दोन चेंडू त्याने हुकवले किंवा सोडले होते. तिसरी झाली की बाद. पण आमच्या मॅनेजरचा, हॉल्स्टनचा, नियम आहे: दोन स्ट्राइक झाल्या की पुढचा चेंडू सरळ टाकायचा नाही, फलंदाजाच्या टोपीखाली टाकायचा. लागायला नको, पण त्याच्या भुवईला वारा लागला पाहिजे. मग त्याचे पाय आपोआप मागे सरकतात आणि त्यानंतर बाहेरच्या कडेवर टाकलेल्या चेंडूपर्यंत त्याची बॅट पोचत नाही. माझ्यासारखा जो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हे करत नाही त्याला दंड, आणि तरी सुधारला नाही तर घरचा रस्ता. ओवेनला हे सगळं पाठ आहे. आता तो मॉरो फेरीच्या क्लबाकडून खेळतो, पण गेल्या वर्षापर्यंत आमच्याच क्लबात होता, माझ्याच खोलीत झोपत होता, माझेच मोजे घालत होता. दोन स्ट्राइक झाल्या की तो मागे वाकणार हे मला ठाऊक, आणि मी तिथेच टाकणार हे त्याला ठाऊक. म्हणून मी बिनधास्त टाकला.

पण चेंडू सातव्या डावापर्यंत चिखलाने आणि तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी काळा झाला होता, आणि त्यावर मी चघळलेल्या एल्म झाडाच्या सालीची बुळबुळीत थुंकी होती. थुंकीचा चेंडू कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही नीट कळत नाही, म्हणून तर तो टाकायचा. तो आत वळला. ओवेन वाकला, पण चेंडू त्याच्यामागोमाग गेला. डाव्या डोळ्याच्या वर, कानशिलाजवळ लागला. जो आवाज झाला तो मी इथे लिहिणार नाही.

हॉल्स्टन बाकावरून ओरडला, "रेनेके, इकडे बघ! पुढचा कोण येतोय ते बघ!" मी पुढच्याला बाद केलं. कसं केलं ते आठवत नाही.

सोमवार, १६ ऑगस्ट

गाडी सुटायच्या आधी दवाखान्यात गेलो. दारातच नेस्टा, ओवेनची बायको. गेल्या वर्षी हीच माझ्या सदऱ्याची बटणं लावून द्यायची आणि ऑगस्टचं गस करून, "गस, तुम्ही माणूस आहात की वादळ, एक बटण म्हणून टिकत नाही" असं म्हणायची. आज म्हणाली, "झोपलेत ते, मिस्टर रेनेके." मी संत्री पुढे केली. तिने घेतली. मी म्हटलं, "बरा होईल ना?" ती म्हणाली, "डॉक्टर हो म्हणतात." आणि दार लावून घेतलं. आतून ओवेनचा आवाज आल्यासारखा वाटला. झोपला नव्हता तो.

गुरुवार, २६ ऑगस्ट. घरच्या मैदानावर

हरलो. माझ्या हाताला काहीतरी झालंय. दुखत नाही, सुजलेला नाही. पण आतल्या बाजूला, फलंदाजाच्या अंगाजवळ, टाकायचं मनात आणलं की बोटं चेंडू लवकर सोडतात आणि तो आपोआप बाहेर जातो. फलंदाजांना अजून कळलेलं नाही. डिनीला कळलंय.

"आत टाक म्हटलं तर बाहेर देतोस," तो म्हणाला. "मी कॅचर आहे की गोठ्याची राखण करतोय? सारखा उजवीकडे धावतोय."

मी म्हटलं, साल ओली होती.

"साल ओली नाही, तू ओला आहेस," डिनी म्हणाला.

रविवार, ५ सप्टेंबर

ओवेन परत खेळायला लागला! डिनीने पेपरात वाचलं. पहिल्याच मॅचमध्ये दोनदा चेंडू मारून बेसवर पोचला. मी आईबरोबर चर्चला गेलो आणि वर्षभरात पहिल्यांदा मनापासून आभार मानले. दुपारी आईने भाजलेलं डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी केला होता, दोनदा वाढून घेतला. बापूस मातीच्या भांड्यांच्या भट्टीवरच्या धुळीने खोकत होता, मध्येच म्हणाला, "आज पोराचं तोंड माणसासारखं दिसतंय."

संध्याकाळ झाली तशी पुन्हा धास्ती वाटायला लागली. तो बरा आहे, म्हणजे पुन्हा माझ्यासमोर उभा राहणार.

रविवार, १२ सप्टेंबर

आमचा क्लब मॉरो फेरीच्या एकाच मॅचने पुढे आहे. पुढच्या शनिवारी त्यांच्या मैदानावर एका दिवसात दोन मॅचेस, त्यावर लीगचा झेंडा, म्हणजे विजेतेपद, ठरणार. हॉल्स्टनने मला बोलावून घेतलं. तो ओरडतो तेव्हा मला भीती वाटत नाही. आज तो हळू बोलत होता.

"दुसरी मॅच तू टाकायचीस. मला एकच सांग. टोपीखालचा चेंडू अजून आहे का तुझ्याकडे?"

"आहे की."

"महिनाभर मी तो पाहिला नाही. हे बघ, मला देवमाणूस नकोय, मला पिचर हवाय. शनिवारी टाकला नाहीस तर सोमवारी तुझ्या बापाशेजारी भट्टीवर उभा राहा. मातीची भांडी कोणाला घाबरत नाहीत, तुझं छान जमेल."

आई-बापूसला काही सांगितलं नाही. बापूस पंचवीस वर्षं भट्टीवर आहे आणि त्याचा खोकला शेजारच्या घरात ऐकू जातो. मला भट्टीची भीती वाटते. मला ओवेनच्या कानशिलाची जास्त भीती वाटते. दोन भीतींच्या मध्ये झोप लागत नाही.

शुक्रवार, १७ सप्टेंबर. मॉरो फेरी

हॉटेलात सामान टाकतोय तोच ओवेन आणि नेस्टा दारात. "जेवायला खाली ये रे खुन्या!" असं ओवेन सगळ्यांसमोर ओरडला आणि हसला. खाली गेलो. उकडलेलं मांस, बटाटे, ॲपल पाय. तोंडाला चव नव्हती.

तो मजेत होता. "सगळ्या लीगमध्ये तुझ्याइतका सावकाश चेंडू कोणी टाकत नाही, म्हणून वाचलो," म्हणाला. "दुसरा कोणी असता तर नेस्टाला आज पुन्हा लग्न करायची वेळ आली असती. तू केलं असतंस ना रे? मोजे तरी घरात राहिले असते." मी हसलो. नेस्टा हसली नाही.

खरं तर तिचंच मला जास्त लागलं. टेबलाशी बसताना मी ओवेनच्या डावीकडची खुर्ची ओढली, तर ती चटकन मध्ये येऊन बसली. माझ्याशेजारी नवऱ्याला बसू द्यायचं नाही, इतका राग. रस्त्यानेही ती त्याच्या डाव्या हाताला घट्ट धरून चालत होती, माझ्या आणि त्याच्यामध्ये भिंत घातल्यासारखी. मी काय त्याला जेवणाच्या टेबलावर पुन्हा मारणार होतो?

ओवेनचा स्वभावही थोडा बदललाय. पूर्वी तो बोलताना इकडेतिकडे बघायचा, आता मान वळवून पुरतं तोंड समोर आणून बघतो, पोलिसासारखं. मी मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला तर दचकून उभाच राहिला. बीअर ओतताना बोलायच्या नादात पेल्याच्या बाहेर ओतली, अर्धी टेबलक्लॉथवर. "नेस्टाने सकाळपासून प्यायला दिलं नाही, हात सुटला बघ," म्हणाला. तिने नॅपकीनने पुसून काढली. तिलाही उद्याची काळजी असणार.

निघताना मी हिंमत करून म्हटलं, "ओवेन, उद्या..."

"उद्या तू टाक आणि मी मारतो," तो म्हणाला. "मला सांभाळून टाकलंस तर मैदानात येऊन मुस्कटात देईन. ऐकलंस? मला तुझी दया नको, डच्या."

म्हणजे तो मला माफ करत नाही. दया नको म्हणाला. रात्रभर तेच डोक्यात राहणार.

शनिवार, १८ सप्टेंबर, सकाळी

अंग जड आहे. गणवेश घालून घोडागाडीत बसायची वेळ झाली. वाटेत पोरं पाहुण्या क्लबाला बटाटे मारतातच, मारू देत. डिनी म्हणतो, "तू पांढरा पडलायस, हे मॉरोवाल्यांना दिसलं तर ते बटाटे उकडून मारतील." मला एवढंच हवंय की संध्याकाळी सगळे जिवंत असावेत.

रविवार, १९ सप्टेंबर

सगळं लिहून काढतो. नाहीतर ते आत फिरत राहील.

पहिली मॅच जिंकून ते बरोबरीत आले होते आणि तिला इतका वेळ लागला की दुसरी सुरू झाली तेव्हाच ऊन कलंडलं होतं. लोक एवढे होते की स्टँड भरून राहिलेले मैदानातच, मागच्या बाजूला दोर बांधून उभे केलेले. दोरापलीकडे चेंडू गेला तर दोन बेस, असं ठरलेलं. पत्र्याच्या कारखान्याचा धूर नदीवरून येऊन मैदानावर बसला होता. पाचव्या डावापासून चेंडू मातीच्या ढेकळासारखा दिसायला लागला, आणि अंपायर लॉफ्टस, तो एकटाच, नवा चेंडू देईना. "जुना हरवला की नवा मिळेल," म्हणाला. गर्दीतल्या कुणीतरी ओरडून सांगितलं, "डोळे तुझे हरवलेत, ते आधी शोध!"

ओवेन माझ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी त्याची उभं राहण्याची पद्धत पाहून चक्रावलो. पूर्वी खांदा पुढे करून उभा राहायचा. आता छातीच माझ्याकडे वळवून, तोंड पुरतं समोर, फोटो काढायला उभा राहिल्यासारखा. मला वाटलं, मला डिवचतोय. सांगतोय, हे घे तोंड, मार. मी सगळे चेंडू बाहेर टाकले. त्याने एक मारला आणि पहिल्या बेसवर पोचला. दुसऱ्या खेपेला उंच उडवला, तो झेलला गेला. मॅनेजर माझ्याकडे बघत होता.

दोन-दोन धावा. आठव्या डावात काही झालं नाही. नवव्यात आमचे तिघे पटापट बाद झाले. मग ते आले, शेवटचे. त्यांनी एक धाव काढली की खेळ खलास आणि झेंडा त्यांचा. दोघे बाद झाले, पण एक जण तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकाच टप्प्यावर, जाऊन बसला. लॉफ्टसने आभाळाकडे पाहिलं. अंधार आहे म्हणून खेळ थांबवायचं त्याच्या मनात होतं हे मला स्पष्ट दिसलं. मग त्याने दोरामागच्या गर्दीकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आणि ओवेन बॅट घेऊन आला.

डिनीने आतला मागितला. मी मान हलवली. त्याने पुन्हा आतलाच मागितला, मूठ आपटून. मी साल चघळली, चेंडू ओला केला, आणि देवाचं नाव घेऊन आत टाकला. तो हातातून सुटला तेव्हाच कळलं की वर गेला. थेट तोंडाकडे. चेंडू त्याच्या डाव्या गालाला जवळजवळ घासून गेला आणि डिनीने कसाबसा अडवला.

ओवेन हलला नाही. पापणीसुद्धा नाही. तसाच छाती पुढे करून उभा. सगळं मैदान उठून उभं राहिलं. "वाघ आहे, वाघ!" असं कोणीतरी ओरडलं. मलाही तेच वाटलं. एवढी छाती कुठून आणतो हा माणूस? मला माझ्या भीतीची लाज वाटली.

मग डिनी मास्क वर ढकलून माझ्याकडे चालत आला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"डच्या, त्याने मला हळूच काय विचारलं माहितीये? 'कुठून गेला रे?' गालावरून गेलेला चेंडू, आणि हा मला विचारतो कुठून गेला!"

"मग?"

"मग काय, बैलोबा! त्याला दिसलाच नाही. डावा डोळा गेलाय त्याचा. म्हणून तो असा नवरदेवासारखा समोर तोंड करून उभा असतो. बाहेरचा दिसतो, आतला दिसत नाही. पोटाच्या उंचीवर आत टाक, तीनदा. तो खांबासारखा उभा राहील आणि आपण झेंडा घेऊन घरी."

सांडलेली बीअर. डावीकडून धरून चालणारी नेस्टा. मला काय काय दिसलं होतं आणि मी त्याचा काय अर्थ लावला होता! त्याचा डोळा मी घेतला होता आणि आदल्या रात्री मी त्याच्या बायकोच्या रागाबद्दल कुरकुर लिहीत बसलो होतो.

डिनी माघारी गेला. मी आत टाकला, पोटाच्या उंचीवर. ओवेन उभा राहिला. स्ट्राइक. पुन्हा टाकला. या वेळी चेंडू वळून त्याच्या कोपरापासून चार बोटांवरून गेला, तरी तो उभाच. लॉफ्टस म्हणाला, स्ट्राइक दोन. ओवेनने ओठ चाटले. त्याला काही दिसत नव्हतं आणि तो कोणाला सांगू शकत नव्हता.

मी बाकाकडे पाहिलं. हॉल्स्टनने टोपीच्या कडेला दोन बोटं लावली. दोन स्ट्राइक झाल्या होत्या. त्याला डोळ्याचं माहीत नव्हतं, त्याला नियम माहीत होता. डिनी पोटाच्या उंचीवर आत मागत होता. माझ्या हातात काळोखाच्या रंगाचा, थुंकीने माखलेला चेंडू होता आणि तो कुठे जाईल हे मला ठाऊक नव्हतं. आधीचा एक गालावर गेला होता, एक कोपरावर. तिसरा कानशिलावर गेला असता, आणि तो माणूस जागचा हललाच नसता.

मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. मी चेंडू पँटवर पुसला, कोरडा केला. थुंकी नाही, वळण नाही. आणि बाहेरच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, सरळ टाकला, सकाळच्या सरावात मित्राला टाकतात तसा.

त्याने तो मारला. उजवीकडे दोरावरून लोकांच्या डोक्यावर पडला. तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत होम बेसवर आला आणि झेंडा त्यांचा झाला.

लोकांनी ओवेनला उचललं. खांद्यावरून तो मागे वळून मला शोधत होता, चुकीच्या बाजूला. नेस्टा स्टँडमध्ये बसलेलीच होती, हात मांडीवर, आजूबाजूच्या बायका नाचत असताना. बिचारी आनंदाने सुन्न झाली असणार.

हॉल्स्टनने गाडीत बसण्याआधीच मला काढून टाकलं. "पुसलास," एवढंच म्हणाला. "मी पाहिलं, तू चेंडू पुसलास." डिनी परतीच्या गाडीत माझ्याशी बोलला नाही. पण कोणालाच डोळ्याबद्दलही बोलला नाही. शेवटी उतरताना म्हणाला, "गाढवा. मीही बहुतेक पुसला असता. पण गाढवच."

खरं लिहायचं तर आज मला बरं वाटतंय. घाबरट ठरलो, नोकरी गेली, झेंडा गेला. पण कोणी मेलं नाही. महिनाभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

रविवार, २४ ऑक्टोबर

बरेच दिवस वही उघडली नव्हती. भट्टीवर लागलो. बापूस माझ्या शेजारी उभा असतो आणि दिवसभर काही बोलत नाही, पण जेवणाच्या डब्यातला मोठा तुकडा मला देतो. धूळ घशात बसते. वाईट नाही चाललंय.

आज डिनी घरी आला. टोपी हातात, आल्या आल्या आईला लाडीगोडी लावून केक खाल्ला, मग मला अंगणात घेऊन गेला.

"त्या दिवशी स्टँडमध्ये पूर्वेच्या मोठ्या क्लबाचा माणूस बसला होता. खेळाडू हेरायला फिरतो तो. त्याने ओवेनला घेतलंय. पुढच्या वर्षी मोठ्या लीगमध्ये."

मला आधी आनंद झाला. मग मी डिनीच्या तोंडाकडे पाहिलं.

"त्याला का घेतलं माहितीये? तो माणूस सगळ्यांना सांगत फिरतोय, 'चेंडू गालावरून गेला आणि हा हललासुद्धा नाही. अख्ख्या देशात एवढ्या काळजाचा फलंदाज दुसरा नाही.'"

मोठ्या लीगमध्ये चेंडू इथल्यापेक्षा दुपटीने जोरात येतो. सगळे टोपीखाली टाकतात. आणि तिथे ओवेनबरोबर एका खोलीत राहिलेला कोणी पिचर नाही.

भीती परत आली आहे. या वेळी ती माझ्या हातात नाही.

रविवार, १३ फेब्रुवारी १९१०

तीन वेळा जायचं ठरवून गेलो नव्हतो. आज ओवेनच्या घरी गेलो. बर्फ होतं, पण ओवेन परसात नवी बॅट घेऊन फिरवत उभा होता, छाती समोर करून. मला पाहून खूश झाला. मी सरळ विषयाला हात घातला.

"त्यांना डोळ्याचं सांग, ओवेन."

त्याने बॅट खाली ठेवली. "तू कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"मग सांगूही नकोस. सांगितलंस तर खरंच मुस्कटात देईन." मग मऊ झाला. "मला बाहेरचा चेंडू दिसतो, डच्या. बाहेरचा दिला की मी मारतो. तू पाहिलंस की."

"सगळे बाहेरचा देणार नाहीत."

"मग आतला सोडून देईन."

"आणि टोपीखालचा?"

तो शिट्टी वाजवत राहिला. मग म्हणाला, "माझ्या बापाला पाहिलंस ना? पत्र्याच्या कारखान्यात माणूस दोन्ही डोळे शाबूत ठेवून चाळिशीत मरतो. मला एक उन्हाळा तरी मोठ्या मैदानावर खेळू दे. तूच तर मला तिथे पोचवलंस, बाबा. आता तूच अडवतोस?"

माझी छाती धुळीने भरली होती आणि मी त्याला कारखान्यात जा असं सांगत होतो.

नेस्टाने चहा दिला. मी निघालो तेव्हा ती शाल गुंडाळून ट्रॅमच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर आली. थांब्यावर उभी राहिल्यावर म्हणाली,

"त्या दिवशी तुम्ही त्यांना बाद करायला हवं होतं."

मी म्हटलं, "नेस्टा, आतला चेंडू टाकला असता तर कदाचित..."

"मला माहितीये. पण त्यांनी मला शब्द दिला होता. तुम्ही बाद केलंत तर बॅट कायमची ठेवून देतो, म्हणाले होते. त्यांनाही कळत होतं. मी वर बसून देवाकडे तेच मागत होते. तीनदा आत, एवढंच. दोनदा मिळालं."

मी बुटावरचं बर्फ झटकलं.

"तिसऱ्याला तुम्ही घाबरलात," ती म्हणाली. रागाने नव्हे.

"हो. घाबरलो."

ट्रॅमची घंटा कोपऱ्यावर वाजली. तिने माझी बाही धरली.

"तिथले पिचर घाबरतात का हो? तुमच्यासारखे?"

"घाबरतात," मी म्हटलं. "सगळेच घाबरतात."

तिने मान हलवली आणि माझी बाही सोडली. ओवेन एक मार्चला निघतो.